लाल किल्ला बघायला जाताय? मग हे आधी वाचा (तेच तेच विचारले जाणारे प्रश्न)

मी दिल्लीत राहतो, म्हणजे गावाकडून कुणीही दिल्लीला निघालं की पहिला फोन मला. आणि प्रश्न तेच. सोमवारी उघडं असतं का, आत काय आहे, मुलं कंटाळतील का, आणि हमखास एक काका विचारणार की "आपल्या मराठ्यांचं काय आहे रे तिथं?" दरवेळी तेच व्हॉइस मेसेज पाठवून वैताग आला म्हणून एकदाच लिहून काढलंय, आता नुसती लिंक पाठवणार.

किल्ला कधी बंद असतो?

सोमवारी. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ, कारण रविवारी आग्रा करून सोमवारी दिल्ली असा प्लॅन करणारे इतके भेटतात की विचारू नका. बाकीचे सहा दिवस उघडा.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑगस्ट. १५ ऑगस्टच्या भाषणाची तयारी चालू झाली की सुरक्षेसाठी बरेच दिवस आधीपासून किल्ला लोकांना बंद करतात, कधी कधी जुलैच्या मध्यापासूनच. जानेवारीत २६ तारखेच्या आसपासही तेच. म्हणजे ज्या दिवसांत किल्ला टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसतो नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला आत जाता येत नाही. तेव्हा जुलैअखेर, ऑगस्टचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा शेवट टाळा, किंवा निघायच्या आधी पुरातत्त्व खात्याच्या वेबसाइटवर बघून घ्या.

जायचं कसं?

मेट्रो. गाडी नको, चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो. व्हायोलेट लाइनवर 'लाल किला' नावाचंच स्टेशन आहे, २०१७ ला सुरू झालं, बाहेर आलात की समोर भिंत. त्याआधी सगळे यलो लाइनच्या चांदणी चौक स्टेशनवर उतरून गर्दीतनं चालत यायचे, अजूनही बरेच जण सवयीने तसंच करतात.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला येतात, तिथून पिंक लाइनने लाजपत नगर आणि तिथं बदलून व्हायोलेट लाइन. नवी दिल्ली स्टेशनवर उतरलात तर यलो लाइनने कश्मीरी गेट, तिथून व्हायोलेट लाइनवर एकच स्टेशन.

तिकीट कुठलं घ्यायचं?

ऑनलाइन काढा, खिडकीवरची रांग वाचते. म्युझियमसकट आणि म्युझियमशिवाय असे प्रकार असतात, म्युझियमसकटच घ्या. चार पैसे वाचवायला नुसतं किल्ल्याचं तिकीट काढलं आणि आत गेल्यावर म्युझियम असलेल्या जुन्या लष्करी बराकींसमोर उभं राहून हळहळले असे आमच्याच घरातले लोक आहेत. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आत जाताना चेकिंग किती कडक असतं?

बऱ्यापैकी कडक. सीआयएसएफचे जवान असतात, बॅग मशीनमधून जाते, अंगझडती होते. २२ डिसेंबर २००० ला इथं अतिरेकी हल्ला झाला होता, आतल्या लष्करी तुकडीतले लोक मारले गेले, तेव्हा कटकट वाटली तरी जवानाशी हुज्जत घालू नका. छोटी बॅग घ्या, चाकू-काडेपेटी असलं काही नको. ट्रायपॉडला परवानगी लागते आणि ड्रोनचा तर विचारही नको.

हा राजवाडा आहे की लष्करी किल्ला? म्युझियम म्हणजे नक्की काय?

हाच प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा आणि कुणी विचारत नाही.

शाहजहानने राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणायची ठरवली आणि हा किल्ला बांधला, काम १६४८ ला पूर्ण झालं. भिंतींचा घेर साधारण अडीच किलोमीटर, नदीच्या बाजूला उंची १८ मीटरच्या आसपास आणि शहराच्या बाजूला थेट ३३ मीटर. आत राजवाडे, बागा, कारखाने, दास-दासी, शाहजादे, एक अख्खं गावच होतं.

मग १८५७ झालं. इंग्रजांनी किल्ला घेतला, बादशहाला पकडलं आणि आतला बहुतेक भाग सरळ पाडून टाकला. जनानखाना गेला, बागा गेल्या, अंगणांभोवतीच्या कमानी गेल्या. त्या मोकळ्या जागेत सैनिकांसाठी बराकी बांधल्या. नदीकाठची मोजकी संगमरवरी दालनं राहिली, त्यांचाही वापर मेस, कोठडी असल्या कामांना झाला. तिथून पुढं जवळजवळ दीडशे वर्षं ही छावणी होती, आधी गोऱ्यांची आणि १९४७ नंतर आपल्या लष्कराची. आपल्या लष्कराने किल्ला रिकामा करून पुरातत्त्व खात्याकडे दिला तो डिसेंबर २००३ मध्ये. २००३! म्हणजे माझ्या वयाच्या लोकांनी शाळेच्या ट्रिपला जो लाल किल्ला बघितला त्यातला मोठा भाग तेव्हा चालू मिलिटरी एरिया होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

२००७ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं. मग बराकी दुरुस्त करून त्यांच्यात म्युझियम केली, त्यांचं उद्घाटन २३ जानेवारी २०१९ ला, नेताजींच्या जयंतीला झालं.

म्हणून माझं म्हणणं, आत गेल्यावर त्या लांबलचक, तीन-तीन मजली, व्हरांडेवाल्या इमारतींना "ही कसली सरकारी ऑफिसं मध्येच" म्हणून नाकं मुरडू नका. लोक त्यांना वळसा घालून संगमरवराकडे पळतात. पण मुघल राजवाडा म्हणून हा किल्ला जेमतेम दोनशे वर्षं जगला आणि छावणी म्हणून दीडशे, आणि जे पाडलं त्याच्या छाताडावर या बराकी उभ्या आहेत.

म्युझियममध्ये काय काय आहे? कुठलं आधी बघू?

वेळ कमी असेल तर नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद सेनेचं म्युझियम आधी. तिथं नेताजींनी वापरलेली लाकडी खुर्ची आणि तलवार आहे, आझाद हिंद सेनेचे गणवेश, बिल्ले, पदकं आहेत. लोक तलवारीसमोर गर्दी करतात, मी मात्र गणवेशांपाशी थांबतो.

हे म्युझियम इथंच का, तर खटला इथंच चालला म्हणून. नोव्हेंबर १९४५ मध्ये इंग्रजांनी आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर याच किल्ल्यात लष्करी खटला भरला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ, म्हणजे एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. इंग्रजांनी या तिघांना एकत्र उभं केलं आणि सगळा देश एकत्र पेटला, स्वतःच्या हातानं केलेली एवढी मोठी चूक विरळाच. बचावाची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली, आणि नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा काळा गाऊन चढवला. जन्मठेपेची शिक्षा झाली पण जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली, कारण न करून सांगतात कुणाला, स्वतःच्या सैन्याचाच भरवसा उरला नव्हता.

दुसरं १८५७ चं म्युझियम. तिसरं 'याद-ए-जलियाँ', जालियनवाला बाग आणि पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांवर. हे तिसरं लोक दमल्यामुळे सोडतात. सोडू नका. जे सैनिक इंग्रजांसाठी युरोपात लढून आले त्यांच्याच पंजाबात १९१९ ला काय झालं हे शेजारशेजारच्या दालनांत बघताना पोटात गोळा येतो. फार लहान मुलं बरोबर असतील तर मात्र आधी जरा अंदाज घ्या.

मराठ्यांचं काय आहे तिथं?

आले काका!

पाटी-बिटी शोधत गेलात तर निराश व्हाल. पण दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे खासगी दरबाराच्या त्या संगमरवरी मंडपात जा आणि मान वर करा. दिसतंय ते रंगवलेलं लाकडी छत नंतरचं. मूळचं छत चांदीने मढवलेलं होतं. १७६० मध्ये पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेच्या पगाराला पैसा नाही, उत्तरेतून वसुली नाही, पुण्याहून रसद नाही, तेव्हा ती चांदी उतरवून नाणी पाडली. नऊ लाख रुपये निघाले असं सांगतात. मदतीला बरोबर आलेल्या भरतपूरच्या सूरजमल जाटाला ते पटलं नाही आणि तो पुढं भाऊंना सोडून गेला, त्यामागच्या कारणांत हेही एक धरतात. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तर काका, मराठ्यांची तिथली सगळ्यात मोठी खूण म्हणजे नसलेलं छत. अभिमान वाटू द्या की वाईट, मला दोन्ही वाटतं, आणि नेमकं त्या मंडपात उभं राहिल्यावरच वाटतं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. पानिपतनंतर दहाच वर्षांत, १७७१ ला महादजी शिंद्यांनी दिल्ली परत घेतली आणि अलाहाबादला इंग्रजांच्या आश्रयाला बसलेल्या शाह आलम बादशहाला १७७२ च्या सुरुवातीला याच किल्ल्यात आणून गादीवर बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर नावाचा रोहिला आत घुसला, राजघराण्याची लूट केली, बायका-मुलांचे हाल केले आणि म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने त्याला हुसकावून, पाठलाग करून पकडला आणि ठार केला. तिथपासून १८०३ पर्यंत दिल्लीवर आणि या किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल. सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि किल्ल्यातला तो आंधळा बादशहा इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे शाळेत आपण "इंग्रजांनी मुघलांकडून दिल्ली घेतली" असं वाचतो तेव्हा मधला माणूस गाळलेला असतो. पटपडगंज आज सोसायट्यांनी भरलेलं उपनगर आहे, तिथं राहणाऱ्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तर म्हणाला, मला वाटायचं इथं फक्त मदर डेअरी आहे.

आणि हो, किल्ल्यातून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे, लाल जैन मंदिराच्या जवळच गौरीशंकर मंदिर आहे. ते शिंद्यांच्या पदरी असलेल्या आपा गंगाधर या मराठी सरदाराने बांधलं असं सांगितलं जातं. काकांना तिथं न्या, समाधान होतं त्यांचं.

मयूरासन कुठं ठेवलंय?

नाहीये. १७३९ ला नादिरशहा घेऊन गेला. दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

मग बघण्यासारखं राहिलंय काय?

अहो भरपूर. लाहोरी दरवाज्यातून आत गेलात की छत असलेला बाजार लागतो, छत्ता चौक. शाहजहानच्या काळापासून बाजारच आहे, तेव्हा रेशीम आणि जडजवाहीर, आता मॅग्नेट आणि बांगड्या. घासाघीस करा, आणि खरेदी परत येताना करा, नाहीतर पिशवी घेऊन उन्हात फिरावं लागतं.

पुढं नौबतखाना, मग दिवाण-ए-आम, म्हणजे आम जनतेच्या दरबाराची जागा. तिथं सिंहासनाच्या मागच्या भिंतीवर रंगीत दगडांची जडावाची चित्रं आहेत, पक्षी, फुलं आणि सगळ्यात वरती वाद्य वाजवणारा एक ग्रीक पुराणातला ऑर्फियस! मुघल बादशहाच्या डोक्यावर ऑर्फियस कसा, तर ते तुकडे इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कामाचे मानले जातात. १८५७ नंतर एक इंग्रज अधिकारी ते उचकटून घेऊन गेला, लंडनच्या म्युझियममध्ये होते, मग लॉर्ड कर्झनने परत आणून बसवले. जवळ जाता येत नाही, लांबूनच बघावं लागतं, फोनचा झूम वापरा.

त्यामागं नदीकाठची रांग: रंगमहाल, खासमहाल, दिवाण-ए-खास, हमाम, आणि औरंगजेबाने स्वतःपुरती बांधलेली छोटी मोती मशीद. या सगळ्या दालनांमधून पाण्याचा एक पाट वाहायचा, नहर-ए-बहिश्त, आता कोरडा. खासमहालात संगमरवरी जाळीवर न्यायाचा तराजू कोरलाय तो शोधायला मुलांना सांगा, पाच मिनिटं शांतता मिळते.

नदी कुठाय? नदीकाठ म्हणता ना?

यमुना सरकली. पूर्वी भिंतीला लागून वाहायची, आता त्या जागी रिंग रोड आहे. खासमहालाला लागून जो बुरूज आहे तिथून बादशहा रोज सकाळी खाली वाळवंटात जमलेल्या लोकांना दर्शन द्यायचा, आणि १९११ च्या दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी त्याच झरोक्यात येऊन बसले होते. आज तिथून बस-ट्रक दिसतात.

१५ ऑगस्टला पंतप्रधान उभे राहतात तिथं वर जाता येतं का?

नाही. खालून दरवाज्यातून जाता येतं, वर नाही.

जाता जाता एक, नेहरूंनी इथं पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १५ ला नाही, १६ ऑगस्ट १९४७ ला. क्विझमध्ये कामाला येतं. आणि लाहोरी दरवाज्यासमोर जी जादा भिंत दिसते, ज्यामुळे दरवाजा रस्त्यावरून सरळ दिसतच नाही, ती औरंगजेबाने बांधली. कैदेतल्या शाहजहानने त्यावर म्हणे कळवलं की तू नवरीच्या तोंडावर बुरखा घातलास. खरं-खोटं देव जाणे पण भिंत बघितल्यावर पटतं.

बहादूरशहा जफरचा खटला कुठं झाला?

दिवाण-ए-खासमध्येच, जानेवारी ते मार्च १८५८. त्याच्या स्वतःच्या दरबारात त्याला आरोपी म्हणून बसवला. नंतर रंगूनला पाठवला, १८६२ मध्ये तिथंच वारला. गांधी हत्येचा खटलाही पुढं १९४८-४९ मध्ये याच किल्ल्यात चालला. म्हणजे साधारण नव्वद वर्षांत तीन मोठे खटले एकाच भिंतींच्या आत. मला कधी कधी वाटतं, त्या खटल्यांवर वेगळं म्युझियम निघालं तर मी पहिल्या दिवशी रांगेत असेन.

किती वेळ लागतो? आईबाबांना चालवेल का?

नुसते राजवाडे बघून निघालात तर दीड तास. म्युझियमसकट तीन ते चार. चालणं बरंच आहे, सावली कमी, आणि बराकींमध्ये जिने. गुडघे दुखत असतील तर आधी म्युझियम करा, सकाळी ताकद असते तेव्हा, आणि राजवाडे नंतर, कारण तिकडे हिरवळ आहे, बसता येतं. मी आईला आणलं तेव्हा उलट केलं, दुपारी म्युझियमच्या पायरीवर बसून ती म्हणाली तू बघून ये आणि मला सांग. नेताजींची तलवार तिने अजून बघितलेली नाही.

कुठल्या महिन्यात जाऊ? फोटोसाठी वेळ?

फेब्रुवारी-मार्च सगळ्यात छान. ऑक्टोबरही चालेल. नोव्हेंबरपासून धूर आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं, लाल किल्ला राखाडी दिसतो. मे-जून मध्ये जाणार असाल तर तुमची मर्जी.

फोटोचं एक साधं गणित, लाहोरी दरवाजा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं, समोरची भिंत काळपट येते आणि मग लोक फोनला शिव्या घालतात. भिंतीचा फोटो दुपारी उशिरा, परत निघताना काढा, तेव्हा तो दगड खरा लाल दिसतो.

रात्रीचा लाइट अँड साउंड शो बघावा का?

'जय हिंद' नावाचा शो २०२३ पासून आहे, वेगळं तिकीट, हिंदी आणि इंग्रजी. मुलांना आवडतो, आणि त्यात मराठ्यांचा भागही घेतलाय म्हणजे काका पुन्हा खूश. माझ्या मते दिवसा नीट बघितलेला असेल तरच जा, नाहीतर नुसता झगमगाट.

सलीमगड वेगळा आहे का?

हो, उत्तरेला लागूनच, लाल किल्ल्यापेक्षाही जुना, शेरशहा सूरीच्या मुलाने बांधलेला. मधून रेल्वेचा रूळ जातो. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना तिथं ठेवलं होतं. उघडा मिळाला तर सोडू नका, गर्दी अजिबात नसते. तसंच किल्ल्यात बराकींच्या जवळ एक जुनी बावडी आहे, पायऱ्यांची विहीर, तिच्या खोल्यांचा पण इंग्रजांनी कोठड्या म्हणून उपयोग केला. बहुतेक वेळा कुंपणाबाहेरूनच बघावी लागते, पण दोन मिनिटं थांबून बघाच.

लष्कर अजून आत आहे का?

लाल किल्ल्यात नाही, आता सुरक्षेला सीआयएसएफ. आग्र्याच्या किल्ल्याचा मोठा भाग मात्र अजून लष्कराकडेच आहे, त्यामुळे तिथं अर्ध्या रस्त्यातच गेट लागलं तर गोंधळू नका.

बाहेर आल्यावर काय?

समोर चांदणी चौक. पण शुक्रवारी दुपारी जामा मशिदीकडे नमाजाची गर्दी असते, तो वेळ टाळा. आणि मला फोन करायचाच असेल तर सोमवार सोडून कधीही करा, कारण सोमवारी तुम्ही बंद गेटसमोर उभे असणार आणि मी ऑफिसात.